स्नेहमेळाव्याला कोण येत नाही

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी ॲनिमेटेड मालिकेत ‘द फ्रंट’ नावाचा एक भाग आहे. चौथ्या सीझनमधला. १५ एप्रिल १९९३ रोजी तो फॉक्स वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. होमर आणि मार्ज हे नवरा-बायको एकाच हायस्कूलचे, १९७४ च्या एकाच बॅचचे. शाळेच्या रियुनियनला दोघं जोडीनं जातात. तिथे व्यासपीठावरून गमतीची बक्षिसं वाटली जातात, सगळ्यात जास्त वजन वाढलेला वगैरे, आणि होमर ती एकामागून एक पटकावतो. तेवढ्यात मुख्याध्यापक डाँडेलिंगर सगळी बक्षिसं काढून घेतात, कारण होमर कागदोपत्री हायस्कूल पासच झालेला नाही. विज्ञानाचा एक विषय राहिलेला, आणि तोही कच्च्या मुलांसाठी ठेवलेला. ज्या माणसावर अणुवीज केंद्रातल्या सुरक्षेची जबाबदारी आहे, तो शाळेच्या विज्ञानात नापास!

प्रेक्षक हसतात, हसायलाच लिहिलंय ते. पण मला त्या भागात महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. होमर पुन्हा त्या वर्गात जाऊन बसतो, परीक्षा देतो आणि पास होतो. तीन मुलांचा बाप, पोट सुटलेला, टक्कल पडलेलं, आणि शाळेच्या बाकावर. त्याला कुणी विचारत नाही की आता या वयात कशाला. कथेत त्याला फारसा वेळही दिलेला नाही. माणूस परत शाळेत जाऊ शकतो, यात लेखकांना समजावून सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्याच वर्षी, १९९३ मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या हायस्कुलातून आमची बॅच दहावी झाली. गेली बरीच वर्षं मी ऑरेगन राज्यात, पोर्टलँडजवळच्या बीव्हर्टनमध्ये राहते. सिम्प्सन्सचा निर्माता मॅट ग्रेनिंग याच पोर्टलँडचा. इथल्या लिंकन हायस्कूलमधून तो १९७२ मध्ये बाहेर पडला. मालिकेतल्या घराचा पत्ता एव्हरग्रीन टेरेस हा त्याच्या लहानपणीच्या रस्त्याचा, आणि फ्लँडर्स, लव्हजॉय, क्विंबी ही पात्रांची नावं शहरातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर आजही वाचायला मिळतात. त्यामुळे इथे राहणाऱ्यांना ही मालिका गावातल्या ओळखीच्या माणसांबद्दल असल्यासारखी वाटते.

हा भाग नव्यानं डोक्यात घोळायला लागला तो महाराष्ट्रातल्या एका वादामुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद बातम्यांत आली. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ च्या ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यायचं, मात्र गुणपत्रिकेवर तशी नोंद करायची आणि पुढे गणित-विज्ञान लागणाऱ्या शाखा त्याला बंद. झालं! आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणाला, शिक्षणाचं वाटोळं होणार. गावातच शिक्षिका असलेली एक मैत्रीण म्हणाली, दरवर्षी माझ्या वर्गातली चांगली हुशार पोरं एका गणितापायी कायमची बाहेर पडतात, त्यांच्या घरी जाऊन बघा एकदा. त्याआधी असाच वाद आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही यावर झाला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं नापास करणं बंद केलं, २०१९ मध्ये केंद्रानं कायदा बदलून राज्यांना मुभा दिली, आणि महाराष्ट्रानं पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली.

हे सगळे वाद एका गोष्टीवर येऊन थांबतात: मुलाला अडवायचं की सोडायचं. पंधरा वर्षांच्या मुलाचं काय करायचं, यावर आपण तासन्‌तास बोलतो. तोच मुलगा पस्तिशीचा, पंचेचाळिशीचा झाल्यावर त्याचं काय, हे कुणी विचारत नाही. आणि तो मुलगा तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपल्याच वर्गात होता तो.

आमच्या बॅचचा स्नेहमेळावा २०२३ च्या डिसेंबरात झाला. दहावीला तीस वर्षं झाली म्हणून. मी मुद्दाम तेव्हाच सुट्टी घेऊन गेले. महाराष्ट्रात हल्ली गावोगाव असे मेळावे होतात आणि त्यांचा एक ठरलेला साचा झालाय. शाळेची घंटा वाजते, प्रार्थना होते, सगळे आपापल्या जुन्या बाकावर बसतात, पुरुषांना फेटे, बायकांना एका रंगाच्या साड्या, गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, शाळेला प्रोजेक्टर किंवा पाण्याची टाकी भेट, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी. मला हे सगळं मनापासून आवडतं. आमचे सर काठी टेकत आले आणि त्यांनी खडू हातात घेतल्यावर वर्गातल्या अर्ध्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. या मेळाव्यांना नावं ठेवणारे लेख मी वाचलेत. पैशाची उधळण, फोटोंचा सोस, असं त्यात असतं. ते मला पटत नाहीत. तीस वर्षांनी माणसं एकमेकांना भेटायला येतात, यात वाईट काय आहे?

मग सरांनी हजेरी घेतली. शाळेनं जपून ठेवलेलं १९९३ च्या दहावी पास झालेल्यांचं रजिस्टर. एकेक नाव पुकारलं जाई आणि ‘हजर सर’ असा आवाज येई. जे वारले त्यांच्या नावाला सगळे उभे राहिले.

मी मनातल्या मनात दुसरी यादी मोजत होते. पाचवीला आम्ही तीन तुकड्या होतो. दहावीला दोन. एक अख्खी तुकडी मधल्या पाच वर्षांत कुठे गेली, याचा त्या दिवशी उल्लेख झाला नाही. काही मुली आठवीनंतर लग्न होऊन गेल्या. काही मुलं वडिलांबरोबर ऊसतोडीला. आणि बरीचशी नववीत अडकली. शाळेचा दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून नववीला चाळणी लावायची, किंवा कच्च्या मुलाला ‘तू बाहेरून बस’ म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, ही पद्धत महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. शंभर टक्के निकालाचा फलक शाळेच्या दारावर लागतो, तेव्हा त्या शंभरात मोजली न गेलेली मुलं कोण, हे गावाला माहीत असतं.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. आमच्याही बॅचमध्ये एकाच वर्गातलं एक जोडपं आहे. पाचवीपासून एकत्र. ती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. तो दहावीला गणितात राहिला, ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा राहिला, आणि मामाच्या वर्कशॉपला लागला. काही वर्षांनी दोघांनी लग्न केलं, घरच्यांशी भांडून. आज एमआयडीसीत त्यांचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. डिप्लोमा झालेली पोरं त्याच्याकडे कामाला आहेत, आणि शेडच्या ट्रसचा, म्हणजे छपराच्या सांगाड्याचा, हिशोब तो तोंडी करतो. मेळाव्याला ती एकटीच आली. मी विचारलं, ‘अगं, तो कुठंय?’ म्हणाली, ‘म्हटलं की चला म्हणून. तर म्हणाले, तुमची बॅच आहे, माझी कुठंय.’

तुमची बॅच! तिच्या शेजारच्या ओळीत सहा वर्षं बसलेला माणूस असं म्हणाला.

आमच्या आयोजकांनी त्याला टाळलं नव्हतं. व्हॉट्सॲपच्या गटात घेतलंही होतं, तो बाहेर पडला. मेळाव्याआधी गटात मोठी चर्चा झाली होती ती नवरे-बायका आणायचे की नाही यावर. शेवटी ठरलं, फक्त बॅचची मुलं-मुली, कुटुंब नको. हा वाद जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये होतो आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे. पण या जोडप्याला तो नियम लागूच नव्हता. तो कुणाचा नवरा म्हणून यायचा नव्हता. त्याची स्वतःची जागा होती. ती त्याला स्वतःला दिसत नव्हती, कारण हजेरीच्या कागदावर ती नव्हती, आणि त्या दिवसाचं सगळं त्या कागदावर उभं होतं.

होमर आणि मार्जकडे मी याच अंगानं बघते. ‘द वे वी वॉज’ या १९९१ च्या भागात त्यांची शाळेतली गोष्ट आहे. ती अभ्यासू, वादविवादात भाग घेणारी, तो शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर थांबवून ठेवलेल्यांपैकी. तिच्याजवळ बसायला मिळावं म्हणून तो फ्रेंचची शिकवणी मागतो. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या समारंभाला, ती वर्गातल्या हुशार आर्टी झिफबरोबर जाते आणि शेवटी रस्त्यानं एकट्या चाललेल्या होमरला गाडीत घेते. म्हणजे तिनं त्याचे मार्क बघून त्याला निवडलं नव्हतं. तरी रियुनियनच्या व्यासपीठावर तो उघडा पडतो तेव्हा तीही तिथेच आहे. नवरा-बायको एकाच शाळेचे असले की एकाची लाज दोघांच्या वाट्याला येते. आमच्या मैत्रिणीनं त्या दिवशी ती एकटीनं उचलली. जेवणात चारजणांनी तिला विचारलं, मिस्टर काय करतात. विचारणारे सगळे त्याचेच वर्गमित्र.

‘द फ्रंट’मधली दुसरी गोष्टही कागदाचीच आहे. बार्ट आणि लिसा ही मुलं एका कार्टूनची पटकथा लिहितात. मुलांची म्हणून ती परत येते. तीच पटकथा आजोबांचं नाव घालून पाठवली की स्वीकारली जाते, आणि आजोबांना नोकरीही मिळते. काम एकाचं, नाव दुसऱ्याचं, आणि व्यवहार सगळा नावाशी. याच मालिकेत किराणा दुकान चालवणारा भारतीय अपू संगणकशास्त्रातला डॉक्टरेट आहे, आणि अणुवीज केंद्रात हायस्कूल नापास होमर. भारतीयांना अपूचं चित्रण लागलं, त्यावर भारतीय वंशाचा अमेरिकी विनोदकार हरी कोंडाबोलूनं २०१७ मध्ये माहितीपट केला, आणि २०२० मध्ये अभिनेता हँक अझारियानं अपूला आवाज देणं थांबवलं. त्या वादात बोलीची आणि चेष्टेची चर्चा योग्यच झाली. पण पदव्यांचं ओझं घेऊन गल्ल्यावर उभा असलेला परदेशस्थ आणि पदवीशिवाय निवांत असलेला स्थानिक, ही जोडी इथे आलेल्या कितीतरी जणांनी प्रत्यक्ष जगलेली आहे. त्याविषयी मात्र कुणी फारसं बोललं नाही.

आता इथलं. आमच्या भागातलं पोर्टलँड कम्युनिटी कॉलेज हे १९६१ पासून चाललेलं सरकारी कॉलेज आहे. तिथे संध्याकाळी प्रौढांना मी गणित शिकवायला मदत करते, स्वयंसेवक म्हणून. येणाऱ्यांत छपरं घालणारे मेक्सिकन कामगार असतात, ट्रकचालक असतात, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायका असतात. नातीचा गृहपाठ घेता यावा म्हणून एक आजी यायच्या. बहुतेकांना जीईडी द्यायची असते. ही हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा. दुसऱ्या महायुद्धात शाळा सोडून गेलेल्या सैनिकांसाठी १९४२ मध्ये ती सुरू झाली. चार विषय: भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र. एकेक विषय वेगवेगळा देता येतो. गणित राहिलं तर गणितच पुन्हा द्यायचं, बाकीचं केलेलं तसंच राहतं. आपली तयारी झाली की तारीख घ्यायची आणि जायचं. महायुद्धासाठी शाळा सोडलेल्यांना पुढे अनेक राज्यांनी म्हातारपणी त्यांच्या जुन्या शाळेची पदविका, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, देऊ केली.

वर्गात कुणी कुणाला ‘तू का राहिलास’ असं विचारत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे फार विलक्षण वाटलं होतं. पन्नाशीचा माणूस अपूर्णांकांची बेरीज चुकतो, खोडतो, पुन्हा करतो. शेजारी विशीतली मुलगी. दोघांनाही एकमेकांचं काही वाटत नाही. शेजाऱ्यांच्या रियुनियनचं निमंत्रणही मी वाचलं आहे. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या वर्गाबरोबर कधीही शिकलेल्या कुणीही यावं, पदविका घेतली असो वा नसो, आणि जोडीदाराला घेऊन यावं. छातीवर लावायच्या नावाच्या चिठ्ठीवर शाळेतला फोटो आणि मुलींचं माहेरचं आडनाव. आमच्या ग्रुपवर लग्नानंतर नाव बदललेल्या मुली शोधायला महिनोन्‌महिने गेले, म्हणून ही साधी चिठ्ठी मला इतकी आवडली.

पण इथलं सगळं गोजिरं नाही, आणि परदेशातून लिहिताना ते लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. महाराष्ट्रातल्या वीस गुणांच्या वादासारखाच वाद आमच्या ऑरेगनमध्ये आधीच झालाय. हायस्कूलची पदविका मिळायला वाचन, लेखन आणि गणित येतं हे सिद्ध करण्याची जी अट होती, ती इथे करोनाच्या काळात स्थगित झाली. २०२१ मध्ये त्यावर कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळानं ही स्थगिती २०२७-२८ पर्यंत वाढवली. अट काढा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की तिचा फटका गरीब, कृष्णवर्णीय, स्थलांतरित आणि अपंग मुलांना बसत होता. ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की हातात पदविका आणि डोक्यात काही नाही, यानं त्याच मुलांचं जास्त नुकसान होईल. माझ्या संध्याकाळच्या वर्गात दुसऱ्या मुद्द्याचा पुरावा रोज दिसतो. पदविका मिळालेली, पण टक्केवारी न येणारी मुलं कॉलेजच्या दारात पुन्हा सुरुवातीपासून गणित शिकायला येतात, आणि त्याची फी भरतात. जीईडीलाही बाजारात पूर्ण मान नाही. अमेरिकेचं लष्करसुद्धा हायस्कूल पदविकावाल्याला आधी घेतं, जीईडीवाल्याला नंतर. आणि ज्याच्यामागे तीन पाळ्या आणि घरभाडं आहे, त्याला संध्याकाळी सहाला वर्गात येणं म्हणजे काय, ते मी दर सत्रात गळणाऱ्या माणसांवरून बघते.

म्हणून वीस गुणांच्या प्रश्नावर माझं मत असं आहे. मुलाला पुढे जाऊ द्या. पस्तीस नाहीत म्हणून त्याचं इतिहास, भाषा, सुतारकाम, नर्सिंगमधला रस, सगळंच बंद करणं अन्यायाचं आहे. मी स्वतः गणितावर जगते, तरी हे म्हणते. पण ती गुणपत्रिकेवरची नोंद कायमची असता कामा नये. त्या विषयाचं दार त्याला केव्हाही, कुठल्याही वयात, तेवढ्या एका विषयापुरतं उघडता आलं पाहिजे आणि तो पास झाला की ती नोंद पुसली गेली पाहिजे. हे नसेल तर वीस गुणांची सवलत म्हणजे पंधराव्या वर्षी केलेली वर्गवारी ठरेल, आणि ती वर्गवारी कुठल्या घरातल्या मुलांच्या वाट्याला येईल, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

महाराष्ट्रात दारं नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि काही तर फार जुनी आहेत. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, म्हणजे अमेरिकेत जीईडी निघण्याच्या सत्त्याऐंशी वर्षं आधी. दिवसभर राबलेला मोठा माणूस शिकू शकतो, हे आपल्या मातीत तेव्हाच सांगून झालंय. आमच्या जिल्ह्यात १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. ज्यांच्या सरकारच्या निर्णयानं १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, त्या वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षणही थोडंच झालेलं होतं. आज अमेरिकेत असलेल्या माझ्या पिढीतले कितीतरी मराठी इंजिनिअर त्याच कॉलेजांतून आले. मीही त्यातलीच. शाळा पूर्ण न करू शकलेल्या माणसांनी उघडलेल्या दारांतून आम्ही इथवर पोचलो आणि आमच्या मेळाव्यांत शाळा पूर्ण न करू शकलेल्यांना जागा नाही, ही गोष्ट मला सहन होत नाही.

आजही १७ नंबरचा फॉर्म आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं बारावी न झालेल्यांसाठी वर्षानुवर्षं पूर्वतयारीचा अभ्यासक्रम चालवला, त्यातून कितीतरी गृहिणी आणि कामगार पदवीधर झाले. २०१५ पासून दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा निकालानंतर लवकरच घेतली जाऊ लागली, वर्ष वाया जात नाही. आमच्या वेळी ऑक्टोबर व्हायचा आणि तोवर मुलगा कामाला लागलेला असायचा, हे आमच्या फॅब्रिकेशनवाल्या मित्राच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. मुंबई-पुण्यात रात्रशाळा आहेत. दिवसाच्या शाळेत शिकवणाऱ्यांना तिथे दुबार नोकरी करू द्यायची नाही, असा निर्णय २०१७ मध्ये झाला आणि अनेक रात्रशाळा एका झटक्यात शिक्षकांवाचून राहिल्या. त्यावर किती लोक बोलले? निकालाच्या दिवशी टक्केवारीवर बोलणाऱ्यांच्या शंभरात एकही नसेल.

दार आहे, पण तिथवर जायची हिंमत एकट्याला होत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या उद्योजकानं १७ नंबरचा फॉर्म भरायला शाळेत जायचं, तिथल्या कारकुनासमोर उभं राहायचं, जो कदाचित त्याच्या धाकट्या भावाचा वर्गमित्र असेल, आणि केंद्रावर सोळा वर्षांच्या पोरांत बसायचं! होमरला हे जमलं कारण त्याच्या गावाला ते विचित्र वाटलं नाही. आपल्याकडे ते विचित्र वाटू नये यासाठी सरकारी निर्णयाची वाट बघावी लागत नाही. ते काम बॅचचं आहे. तुमचं-आमचं.

मी आमच्या गटात काही गोष्टी मांडल्या आहेत, त्या इथेही मांडते. पुढच्या मेळाव्याला हजेरीचं रजिस्टर पाचवीचं काढा. शाळा पाचवीपासून आहे, तर बॅचही पाचवीपासूनची. ‘नाव सांगा, काय करता सांगा, मुलं कुठे आहेत सांगा’ ही ओळखीची फेरी बंद करा, तिच्यात अर्धी माणसं खाली बघत बसलेली असतात. परदेशातून आलेल्यांचा वेगळा सत्कार करू नका. मला त्या दिवशी पुढच्या रांगेत बसवून शाल दिली, आणि शाळेला नुकतंच मोठं गेट बनवून देणाऱ्या माणसाची बायको मागे बसली होती. ते गेट आमच्या त्याच मित्रानं बनवलंय, मजुरी न घेता. आणि फेट्यांच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून, ज्याला दहावी-बारावी पूर्ण करायची आहे त्याची फी, पुस्तकं, आणि लागेल तर शिकवणी बॅचनं करायची. बॅचमधलाच असो, त्याची बायको असो, गावातलं कुणीही असो. गणित मी शिकवेन. उन्हाळ्यात इथले सकाळचे सात म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसात, व्हिडिओवर सहज जमतं.

आक्षेप आले. सगळ्यात विचार करण्यासारखा आक्षेप आमच्या शिक्षिका मैत्रिणीचाच. ती म्हणाली, ‘तुझा हेतू चांगला आहे, पण नापास झालेल्याला स्टेजवर बोलावून तू शिकलंच पाहिजेस म्हणणं, हा त्याचा दुसऱ्यांदा अपमान आहे. तो सुखात आहे. त्याला तुझ्या गणिताची गरज नाही.’ ती बरोबर आहे. होमरचीही फजिती झाली ती व्यासपीठावरच. म्हणून ही दोन कामं वेगळी ठेवली पाहिजेत. बोलावणं बिनशर्त. शिकायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते बॅचच्या गटावर जाहीर व्हायचं नाही. काहींना परीक्षेत काडीचाही रस नसेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण ज्याला मनातून वाटतंय आणि विचारायला माणूस नाही, त्याला विचारायला माणूस असावा.

दुसरा एक म्हणाला, पाचवीपासूनचे सगळे शोधायचे कसे, कुणाचा पत्ता कुणाला ठाऊक. मग मी त्या फॅब्रिकेशनवाल्या मित्रालाच फोन लावला. गणिताचं नाव मी काढलं नाही. पाचवीच्या हजेरीचं सांगितलं. जरा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘क तुकडीतली पोरं ना? निम्म्यांचे नंबर माझ्याकडं आहेत. एकजण माझ्याकडंच वेल्डिंगला हाय.’ जी नावं आमच्या गटाला तीस वर्षं सापडली नव्हती, ती गावातच होती आणि एकमेकांच्या संपर्कात होती. त्यानं दोन दिवसांत यादी पाठवली. शाळेच्या क्लार्कनं जुनं रजिस्टर शोधून तिच्याशी ताडून बघायचं कबूल केलंय.

त्याच्या यादीत एकाही मुलीचं नाव नाही. आठवीनंतर लग्न होऊन गेलेल्या त्या मुलींचं पुढचं आडनाव, गाव, काहीच त्याला माहीत असण्याचं कारण नाही. ते काम आम्हा बॅचमधल्या बायकांचं. दोघीतिघींनी वाड्या-वस्त्या वाटून घेतल्यात. दिवाळीत माहेरपणाला येणाऱ्यांना गाठता येईल म्हणून त्याआधीच त्या घरोघरी जाऊन विचारणार आहेत. मी इथून त्यांना पाचवीतली नावं आठवतील तशी पाठवते आहे.